ट्रिपल सेव्हनची चाकं बघा

घाटकोपरला गच्चीवर उभं राहिलं की मुंबईत उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जातात, आणि बोईंग ७७७ मी फक्त चाकांवरून ओळखतो. दोन्ही बाजूंना सहा सहा चाकं, आणि ती सहा चाकं धरणारा सांगाडा, म्हणजे बोगी, पूर्ण तिरकी लटकलेली, पुढची चाकं वर आणि मागची खाली. बाकी सगळे इंजिनाबद्दल बोलतात, बरोबरच आहे, ७७७-३००ईआर या मॉडेलच्या जीई९० इंजिनाचा पंखाच सव्वातीन मीटरचा आहे. पण मला विचाराल तर खरी कमाल खाली आहे.

हे ३००ईआर विमान ७३.९ मीटर लांब. एवढं लांब विमान टेकऑफला नाक वर करतं तेव्हा शेपूट रनवेला घासायची भीती असते, त्याला टेल स्ट्राइक म्हणतात. मग करायचं काय, लँडिंग गियरचे, म्हणजे चाकांचे, पाय उंच केले तर वजन वाढतं आणि ते पोटात मावायला पण हवेत ना. तर बोईंगवाल्यांनी असं केलं की टेकऑफच्या वेळी एक हायड्रॉलिक दांडा बोगीचं पुढचं टोक धरून ठेवतो, बोगी रनवेवर सपाट पडून राहत नाही, आणि विमान उचलताना अख्खं मागच्या चाकांवर उभं राहतं, आपण चवड्यांवर उभे राहतो ना तसं! तेवढी उंची मिळाली की नाक जास्त वर करता येतं आणि तेवढ्याच रनवेवर जास्त वजन घेऊन उडता येतं. आधीच्या ७७७-३०० ची लांबी हीच होती पण त्याला ही सोय नव्हती.

वजन म्हणाल तर टेकऑफला जास्तीत जास्त ३५१ टन, त्यातलं नुसतं इंधनच १४५ टनांपर्यंत. आणि हे सगळं पेलायला नाकाची दोन धरून फक्त १४ चाकं. टायरमध्ये साधी हवा नाही, नायट्रोजन भरतात, २०० पीएसआयच्या वर, आपल्या कारला तीस-पस्तीस लागतं. जोरात ब्रेक मारून चाक फारच तापलं तर त्यातला फ्यूज प्लग वितळतो आणि टायर फुटायच्या ऐवजी हळूहळू रिकामा होतो, हे वाचलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

शिवाय टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालताना, बोगीतली सगळ्यात मागची जोडी वळते सुद्धा, नाहीतर वळणावर सहा चाकं घासून टायरची वाट लागली असती.

पुढच्या वेळी ७७७ उतरताना दिसलं तर नजर मागच्या जोडीवर ठेवा, पहिला धूर तिथूनच निघतो.