रिकाम्या परतीचा शॉकअप

कणकुंबीला चहासाठी थांबलं, की मी आधी गाडीखाली वाकतो आणि चारही शॉकअपना हाताची मागची बाजू हळूच लावून बघतो. जांबोटीकडून खराब रस्त्यानं आलेला शॉकअप गरम लागायलाच हवा. गाडीची उडी तो आतल्या तेलावर घेतो. तेल बारीक भोकांतून दाबलं जातं आणि उडीची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. गेल्या दिवाळीच्या आसपास तीन गरम लागले, मागचा डावा मात्र नळाच्या पाइपासारखा थंड होता. तो काहीच काम करत नव्हता.

आमची पिकअप सात वर्षांची आहे. बेळगावजवळच्या उचगाव भागातला कोबी, ढबू मिरची, बीन्स, टोमॅटो रात्री भरायचा. पिरनवाडी, किणये, जांबोटी, चोर्ला करत घाट उतरायचा. केरी, साखळी, डिचोलीवरून पहाटे गोव्यात म्हापशाला पोचायचं. येताना हौद्यात फक्त रिकामे क्रेट. म्हणजे निम्मा प्रवास गाडी भरलेली असते आणि निम्मा जवळजवळ रिकामी. शॉकअप घेताना हा दुसरा निम्मा भाग मी कधी धरलाच नव्हता.

तो शॉकअप तर वर्षाचाही नव्हता. आदल्या वर्षी दुकानात मी एवढंच सांगितलं होतं, ‘माल जास्त असतो, जड कामाचे द्या.’ त्यांनी सगळ्यांत कडक जोडी दिली. भरलेल्या गाडीला फरक पडला, तो बरा वाटला. पण रिकामं येताना मागचा भाग रस्त्यावर टिकेना. कुसमळीच्या पुढच्या एका वळणावर, पावसात, मागची चाकं आडवी सरकली तेव्हा स्टेअरिंगवर धाकटा होता. गाडी सावरली. घरी आल्यावर तो म्हणाला, ‘दादा, रिकाम्या गाडीत मला भीती वाटते.’ भरल्या गाडीनं घाट उतरणारा माझा भाऊ हे म्हणतो, म्हटल्यावर मी बेळगावात उद्यमबागेत मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी शॉकअपकडे नंतर बघितलं, आधी पाटे मोजले, म्हणजे गाडीचं वजन ज्यांवर बसतं त्या एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. ‘हा जादा पाटा कधी घातलात?’

‘झाली दोन वर्षं. मागून बसत होती गाडी.’

‘वजन पाट्यांनी उचलायचं असतंय ओ. शॉकअप वजन उचलत नाही. तो फक्त पाट्याची उडी आवरतो. कितीही कडक घाला, बसलेली गाडी त्यानं उठणार नाही.’

मग त्यांनी टेप काढला. शॉकअपच्या दोन्ही टोकांना बोल्ट बसायची कडी असते, तिला डोळा म्हणतात. रिकाम्या गाडीत वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर भरलं अठरा इंच. शॉकअप पूर्ण उघडतो साडेअठराला. जादा पाट्यानं मागचा भाग उचलून धरला होता, त्यामुळे शॉकअपला खाली उघडायला जेमतेम अर्धा इंच उरला होता. चाक खड्ड्यात उतरलं, की एक्सलचं सगळं ओझं शॉकअपला लोंबकळायचं. प्रत्येक खड्ड्याला आतून हिसका. त्यानं वरच्या डोळ्यातला रबर बुश फाटला, दांडा वाकडा घासून ऑइल सील गेलं, तेल सांडलं. शॉकअप वाईट नव्हता. मीच त्याला चुकीच्या मापाच्या जागेत अडकवला होता.

हे ऐकल्यावर कंपनी कुठली, हा प्रश्न मागे पडला. आधी जादा पाटा काढला. त्याऐवजी सगळ्यांत खाली आखूड, सरळ हेल्पर पाटा बसवला. माल भरल्यावरच तो वरच्या पाट्यांना टेकतो आणि रिकाम्या गाडीत गप्प राहतो. आता रिकामं माप सव्वासतरा इंच येतं, भरल्यावर चौदा. नवा शॉकअप निवडताना ही दोन मापं कागदावर लिहून हाताशी ठेवली: तो रिकाम्या मापापेक्षा इंचभर तरी जास्त उघडला पाहिजे, आणि पाटे पूर्ण दबून बंप रबर, म्हणजे चासीखालचा अडवणारा रबर, टेकल्यावरही पूर्ण मिटता कामा नये.

मग प्रश्न राहिला एक नळीचा की दोन नळ्यांचा. एक नळीचा लवकर थंड होतो, त्याचा पिस्टनही मोठा, म्हणून मला तोच घ्यायचा होता. मिस्त्रींनी माझा काढलेला शॉकअप वळवून दाखवला. बाहेरून दगडाचे तीन पोचे. एक नळीच्या शॉकअपमध्ये पिस्टन त्याच बाहेरच्या नळीत फिरतो; खोल पोचा पडला, की अडकलाच. दोन नळ्यांच्यात पिस्टन आतल्या नळीत असतो, बाहेरचा पोचा बहुतेक वेळा तिथवर पोचत नाही. खानापूर तालुक्यातल्या रस्त्यावर टायर खडी उडवणारच. म्हणून दोन नळ्यांचा, गॅस भरलेला घेतला. त्यातला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही. तेलाला फेस आला, की लागोपाठ गचक्यांत शॉकअप ढिला पडतो, आणि किणये ते जांबोटी गचके लागोपाठच असतात. कडकपणा मूळचाच ठेवला. जोडीच बदलली, एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असेल, तर ब्रेकला गाडी एकीकडे ओढते.

बसवताना दोन गोष्टी शेजारी उभं राहून बघितल्या, तुम्हीही बघा. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून उघडला, आतली हवा निघेपर्यंत. आणि डोळ्यांचे नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, हौद्यात पोती ठेवून मग आवळले. लटकत्या गाडीत आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. माझे आधीचे जॅकवरच आवळले होते, हे मला पक्कं आठवतं.

धाकट्यानं पहिली फेरी रिकाम्याच गाडीनं किणयेपर्यंत मारली. परत येऊन काही बोलला नाही, सरळ भरायला लागला. त्या आठवड्यात म्हापशाला खालच्या क्रेटमधला टोमॅटो फुटून परत आला नाही. पूर्वी रोज दोन-तीन किलो यायचा.

माल मात्र आम्ही आरसीवर आहे तेवढाच भरतो. हेल्पर पाटा घातला म्हणून चार क्रेट वाढवण्याचा मोह झाला होता, पण घाटात गाडी थांबवायची असते ब्रेकला, आणि ब्रेक तेच आहेत.

पुढची जोडी अजून जुनीच आहे. पुढच्या टायरवर तळवा फिरवला, की जागोजागी खळगे लागतात, म्हणजे तीही थकली आहे. मृगाच्या आधी ती बदलायची. त्या कागदावर मागची मापं लिहिलेली आहेत, खाली पुढच्यासाठी जागा सोडली आहे.