ठाण्यातली भटकंती: दहा पुरुष, पाच वेळचा अग्नी आणि एक विहीर

टेंभी नाका, ठाणे पश्चिम. नवरात्रात इथल्या देवीला किती गर्दी होते ते सगळ्यांना माहितीये, पण या चौकाच्या आसपास चालत फिरलं तर १७८० सालची पारशांची अग्यारी लागते, १८७९ सालचं ज्यूंचं सिनेगॉग लागतं, तलावपाळीकडे वळलं की पोर्तुगीज काळापासूनचं चर्च आणि कौपिनेश्वराचं देऊळ, आणि स्टेशन ओलांडून पूर्वेला गेलं की चेंदणी कोळीवाडा. वेगवेगळे समाज कसे राहतात, काय खातात, कशासाठी भांडतात हे बघायला आपण लाखभर रुपये घालून लांबलांबची तिकिटं काढतो, मी पण काढते आणि पुढेही काढीन, पण जूनमधल्या एका रविवारी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ठाण्याला उतरले आणि मावशीबरोबर जे फिरले ते लिहायलाच हवं असं झालंय.

मावशी चरईत राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे तिच्याबरोबर जुन्या ठाण्यात चालणं म्हणजे दर वीस पावलांवर "बाई, तुम्ही? इकडे कुठे?" आणि मग पाच मिनिटं गप्पा. मला तेच पाहिजे होतं. मी ठरवलं होतं की कुठेही गेलं तरी एकच प्रश्न विचारायचा, की हे सगळं चालू राहायला काय लागतं? पैसे, ट्रस्ट, सरकारी मदत वगैरे सोडून. अशी कोणती गोष्ट आहे की जी नसली तर उद्यापासून हे बंद पडेल?

सिनेगॉगपासून सुरुवात केली. शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. आधी कळवून ठेवलं होतं, गेटवर आधारकार्ड दाखवलं, डोक्यावर ओढणी घेतली. मावशीचा एक जुना विद्यार्थी तिथे वाट बघत होता, आता स्वतः साठीला आलेला माणूस, तरी बाईंसमोर हात मागे बांधून उभा. हे बेने इस्रायली लोक. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती कथा अशी की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा वंश. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर. घरात मराठी. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री वाचायचं हग्गादा हे पुस्तक मुंबईत मराठीत छापलं गेलं ते १८४६ साली, म्हणजे ठाण्याला रेल्वे यायच्याही आधी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यांच्यात कीर्तनं व्हायला लागली, आपल्यासारखीच, आख्यान लावून, फक्त आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं.

माझा प्रश्न विचारल्यावर काकांनी क्षणाचाही विचार केला नाही. "दहा पुरुष," म्हणाले. तेरा वर्षं पूर्ण झालेले दहा पुरुष जमले तरच सामुदायिक प्रार्थना पूर्ण करता येते, त्याला मिन्यान म्हणतात, नऊ असले तर काही भाग म्हणताच येत नाहीत. ठाण्यात अजून जमतात, कारण देशातले बरेचसे बेने इस्रायली आता मुंबई-ठाणे पट्ट्यातच आहेत. पण रायगडात, जिथून हे सगळे आले, तिथल्या जुन्या सिनेगॉगांमध्ये इमारत उभी आहे, दिवे आहेत, पवित्र ग्रंथाची कपाटं आहेत आणि दहा पुरुष नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायली होते, आता चार-पाच हजार उरलेत, बाकीचे इस्रायलला गेले, दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा.

तिकडे तरी सगळं सुखाचं झालं का, तर नाही. काका सांगत होते तेव्हा मावशी पण गप्प झाली. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नांना आडकाठी केली, तुम्ही नक्की ज्यूच आहात का, तुमच्या आज्या-पणज्यांची चौकशी करू म्हणून. हजारो वर्षं शनिवार पाळून कोकणात राहिलेल्या माणसांना हे ऐकावं लागलं. मग १९६४ साली त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केलं आणि तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. मला हे ऐकून फार राग आला, अजून येतोय. माणूस आपलं म्हणून जिथे जातो तिथेच त्याला कागद मागतात. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली, तोही खूपच उशिरा, पण दिला.

निघताना काकांनी मलिद्याचं आमंत्रण दिलं. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, बरोबर फळं, आणि एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने प्रार्थना. लग्न ठरलं, नवीन घर घेतलं, आजारातून उठलं की मलिदा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच ज्यू समाजात असे पोहे करत नाहीत. दिमोनात करतात, पण ते आपल्याकडूनच गेलेले आहेत ना.

अग्यारीबद्दल फार लिहिता येणार नाही कारण आत जायची परवानगी फक्त पारशी लोकांना असते आणि ते बरोबरच आहे, त्यांचा नियम आहे. आम्ही बाहेरून बघितली. आतल्या अग्नीला दिवसातून पाच वेळा सुखड म्हणजे चंदन वाहतात, घंटा वाजते, आणि हे करायला धर्मगुरू लागतो. २००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. दहा वर्षांत बारा हजार माणसं कमी! २०१३ साली सरकारला जियो पारसी योजना आणावी लागली ती याचमुळे. पण ती घंटा दिवसातून पाच वेळा वाजवायची तर एक तरुण मुलगा ते शिकायला तयार पाहिजे, आणि त्या मुलासमोर बँकेतली नोकरी, कॅनडा असं सगळं असतं. त्याला तरी काय बोलणार.

तलावपाळीला आलो तेव्हा चर्चमधून मिस्सा संपवून लोक बाहेर पडत होते. सेंट जॉन द बाप्टिस्ट, म्हणजे योहान बाप्तिस्मा देणाऱ्याचं चर्च, त्यांचा सण २४ जूनला असतो त्यामुळे वातावरण एकदम उत्साहाचं. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, ठाण्यात ख्रिस्ती लोक पोर्तुगीजांच्या आधी येऊन गेलेत. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, आणि काही वर्षांत ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्याला येऊन त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनला गेला, त्याने ते सांगून लिहवूनही ठेवलंय. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी ठाण्याचं प्रवासवर्णन लिहिलं होतं.

इथले मूळचे ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी वाटतं, पण घरात मराठीच, थोड्या वेगळ्या वळणाची. गोवेकर आणि मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत यायला लागले तेव्हा आपण इथलेच आहोत हे दाखवायला त्यांनी हे नाव घेतलं, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या पन्नाशीच्या सोहळ्याच्या वेळी. मावशीच्या ओळखीच्या एक आंटी भेटल्या, हाताला धरून घरी घेऊन गेल्या आणि फुगे खायला घातले, म्हणजे मैद्याचे गोल तळलेले फुगलेले पाव म्हणा, सोबत बॉटल मसाल्यातलं मटण. एप्रिल-मे मध्ये उन्हात मिरच्या वाळवायच्या, कितीतरी जिन्नस भाजायचे, कांडायचे, आणि गडद रंगाच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचे म्हणून बॉटल मसाला. आता कांडणाऱ्या बायका मिळत नाहीत आणि इमारतीत गच्ची मिळत नाही, असं आंटी म्हणाल्या.

पण त्यांचं माझ्या प्रश्नाचं उत्तर मसाला नव्हतं. "विहीर," म्हणाल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं, बायका नटूनथटून, लुगडं नेसून, बँड लावून विहिरीवर जातात आणि नवरीच्या किंवा नवऱ्याच्या अंघोळीसाठी पाणी भरून आणतात. आता टॉवर आले, विहिरी बुजवल्या, काहींवर जाळी टाकून कुलूप लावलं. त्यांच्या भाचीच्या लग्नात सोसायटीच्या नळाखाली हंडा भरला. "पाणी तेच गं, पण वरात नळाकडे कशी न्यायची?" हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला पुढचा घास गिळता येईना. वारसा म्हटलं की आपल्याला किल्ला, देऊळ, चर्च आठवतं, त्या यादीत गल्लीतली विहीर कोणीच घालत नाही, आणि तीच बुजवली जाते.

दुपारनंतर स्टेशन ओलांडून पूर्वेला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी इथेच आली, ३४ किलोमीटर, आणि चेंदणी त्या रुळाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. घरं खेटून खेटून, ओट्यावर बसलेल्या बायका, घरात एकवीरा आईचा फोटो. मीठबंदराकडे खाडीवर गेलो तर सगळं शांत, कारण जून-जुलै समुद्रात यांत्रिकी बोटींना मासेमारी बंदी. पण खाडीतली मासेमारी फक्त बंदीमुळे थांबत नाही. एक म्हातारी कोळीण सुकट निवडत होती, तिला विचारलं तर म्हणाली, "आता खाडीन काय गावतंय बाला?" जिताडा, बोय, चिंबोरी, निवटी, कोलंबी, तिने बोटांवर मोजून दाखवलं काय काय मिळायचं. साठच्या दशकात पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, मग दोन्ही काठांवर शहरं वाढली, सांडपाणी खाडीत, गाळ वाढला. मी त्याच पलीकडच्या काठावर राहते, माझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरून हीच खाडी दिसते आणि आम्ही तिला व्ह्यू म्हणतो.

ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो बघायला बोटी जातात, २०१५ साली ठाणे खाडी अभयारण्य झालं, सुमारे १६.९ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. चांगलंच झालं, खाडी वाचली तर कोळी पण वाचेल, पण अभयारण्य ठरवताना पक्ष्यांची मोजदाद होते तशी किती घरं अजून जाळ्यावर चालतात याची पण व्हायला पाहिजे. चेंदणीतली बरीच मुलं आता नोकऱ्या करतात, शिकलेली आहेत, नारळी पौर्णिमेची मिरवणूक मात्र दणक्यात काढतात. म्हातारीला मी विचारलं की मासा नाही तरी नारळ का वाहता? "मासा देते म्हनून वाहतो काय? आई हाये ती."

शेवटी येऊर. रिक्षाने उपवनवरून चढ चढून गेलो, पाऊस सुरू झालेला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू, आत पाटोणापाडा, जांभूळपाडा असे आदिवासी पाडे, वारली आणि इतर आदिवासी कुटुंबं. मावशीला शेवळं पाहिजे होती म्हणून खरं तर आलो होतो. जांभळी नाक्याला बाजारात मिळतात, पण तिला जी बाई दरवर्षी आणून देते ती आली नव्हती म्हणून तिच्या घरीच. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे कोंब, नीट साफ केले नाहीत तर घशाला भयंकर खाजतात, म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. हे जंगलात कुठे उगवतं, किती काढायचं, किती पुढच्या वर्षासाठी सोडायचं हे या बायकांना पाठ असतं.

या पाड्यांमध्ये वाघदेवाला मानतात, आणि इथे वाघ म्हणजे बिबट्या. तो अंगणात येतो, कोंबडी नेतो, कुत्रा नेतो, तरी दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारसेला त्याची पूजा होते. बाई म्हणाली, "तो त्याच्या वाटंनं जातो, आमी आमच्या." तिला बिबट्याचा त्रास नाही वाटत. त्रास वाटतो रात्रीच्या लाऊडस्पीकरचा, खेळाच्या टर्फ मैदानांवरच्या फ्लडलाइटचा, वीकेंडला दारू पिऊन गाड्या उडवत येणाऱ्या पोरांचा आणि त्यांनी टाकलेल्या काचांचा, कारण त्याच वाटांनी तिची नात अनवाणी जाते. उजेड आणि आवाज वाढला की बिबट्या त्याची वाट बदलतो आणि मग नको त्या वेळी नको तिथे समोर येतो, हे तिने मला समजावून सांगितलं, इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चालू राहायला काय लागतं या प्रश्नावर ती म्हणाली, "अंधार."

कोणाला जायचं असेल तर थोडं सांगते. सिनेगॉगला आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, शनिवारी तर फोटो, मोबाइल काहीच नको. अग्यारी बाहेरूनच बघा, गेटवर वाद घालू नका. चेंदणीत कोणाच्या ओट्याचा फोटो काढायच्या आधी विचारा. येऊरला स्टेशनवरून टीएमटीची बस जाते, अंधार पडायच्या आत खाली या, गाण्याचे स्पीकर नेऊ नका आणि भाजी घेताना घासाघीस करू नका, त्या बाईचे दोन-तीन तास जंगलात गेलेले असतात. शेवळं जून संपता संपता मिळेनाशी होतात, त्यामुळे पहिल्या पावसानंतर लगेच जा.