माशांच्या टाकीतला गाळ आणि ड्रमभर निवळी

टाकीच्या तळाशी बसलेला गाळ, म्हणजे माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य, मी आधी चक्क फेकून द्यायचो. मग कळलं की मासे नत्राचा (नायट्रोजनचा) मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यातच सोडतात, पण स्फुरद (फॉस्फरस) बराचसा या गाळात अडकून बसतो. म्हणजे महागाचं खाद्य आणून त्यातलं अर्धं खत मीच ओतून देत होतो की.

म्हणून आता तो गाळ ड्रममध्ये पाण्यात कुजवून झाडांसाठी द्रवरूप खत करतो. पहिल्यांदा काय शहाणपणा केला, तर वास येऊ नये म्हणून ड्रमला घट्ट झाकण. पाच दिवसांनी उघडलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपका आला की मी तिथून पळालोच! हवा संपली की ऑक्सिजन न लागणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो विषारी असतो, त्यामुळे वास घ्यायला वाकून बघू नका बरं का.

आता झाकण नुसतं टेकवून ठेवतो आणि एअर पंप दिवसरात्र चालू. सुरुवातीला वर तपकिरी फेस येतो, मग आठवडाभरात तो कमी होतो, पाणी चहासारखं दिसायला लागतं आणि वास पावसानंतरच्या मातीसारखा, तेव्हा समजायचं जमतंय. मधेच पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आंबट) उतरतो, कारण अमोनियाचा नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. 6 च्या खाली गेला की हा नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, पण गंमत म्हणजे गाळातला स्फुरद सुटायला आंबट पाणीच बरं, म्हणून मी पीएच चढवायला लगेच चुना घेऊन धावत नाही.

तीनेक आठवड्यांनी पंप बंद करायचा, तासाभरात गाळ खाली बसतो, वरची निवळी काढून घ्यायची, पाणी घालून पातळ करायची आणि आधी एकाच झाडावर टाकून बघायची. पालाश (पोटॅशियम) मात्र यात कमीच, माशांच्या खाद्यातच तो फारसा नसतो, तेव्हा फळं धरताना वेगळा द्यावा लागतो. आणि खाऱ्या पाण्यातले मासे असतील किंवा टाकीत नुकतंच मीठ नाहीतर औषध टाकलं असेल तर तो गाळ झाडांना नकोच.

हो, आणि निवळी ठिबकमधून सोडायची तर वस्त्रगाळ करा. मी कंटाळा केला, आता एकेक ड्रीपर काढून सुईने साफ करत बसलोय.