बाबांचा औषधांचा प्लॅन बदलला – माझा अनुभव (मेडिकेअर पार्ट डी)

इथे न्यू जर्सीत ज्यांचे आईबाबा मेडिकेअरवर (अमेरिकन सरकारचा आरोग्य विमा, मुख्यतः पासष्टच्या पुढच्यांसाठी; त्यातला औषधांचा भाग म्हणजे पार्ट डी) आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, खूप दिवस लिहायचं होतं.

बाबा इथेच नोकरी करून रिटायर झाले. एलिक्विस (रक्त पातळ ठेवणारं), जार्डियन्स (डायबेटिसचं), इन्सुलिन आणि एक इनहेलर, ही रोजची औषधं. दर सप्टेंबरच्या शेवटी प्लॅनकडून पुढच्या वर्षीच्या बदलांचं जाडजूड पत्र येतं, ते यावेळी मी बसून नीट वाचलं आणि आत कुठेतरी बारीक अक्षरात दिसलं की इनहेलर २०२६ पासून प्लॅन ज्यांचे पैसे देतो त्या औषधांच्या यादीत नाही. प्लॅनला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, काळजी करू नका, आता वर्षाला २१०० डॉलरच्या वर तुम्हाला काही भरायचंच नाहीये. हे अर्धवट आहे हो! ती मर्यादा फक्त प्लॅनच्या यादीतल्या औषधांना लागते. यादीबाहेरचं औषध घेतलं तर त्याचे पैसे पूर्ण तुमचे आणि ते २१०० मध्ये धरतही नाहीत, प्रीमियमही धरत नाहीत.

कायदा मात्र खरंच चांगला झालाय, हे मी मनापासून सांगते. २०२२ च्या कायद्याने २०२३ पासून इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर झालं, २०२५ मध्ये डोनट होल (वर्षाच्या मधला टप्पा, ज्यात औषधांचा जास्त खर्च स्वतःला करावा लागायचा) गेलं आणि वर्षाची मर्यादा आली, तेव्हा २००० होती. त्याआधी बाबा इनहेलर पुरवून पुरवून वापरायचे. त्याच्या मागच्या छोट्या खिडकीत उरलेल्या पफांचा आकडा दिसतो ना, तो रोज बघायचे, आणि खोक्यावर बॉलपेनने तारीख लिहून ठेवायचे की हा इतके दिवस चालला पाहिजे. दम लागत असताना माणसाने हा हिशोब करावा याचा मला अजूनही राग येतो.

तर प्लॅन बदलायची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. आपल्या काउंटीत शिप (SHIP) या सरकारी योजनेतून मेडिकेअरबद्दल फुकट सल्ला मिळतो, तिथे अपॉइंटमेंट घेतली. तिथल्या बाई स्वतः रिटायर झालेल्या, कुठल्याच कंपनीचं काही विकत नाहीत. त्यांनी मेडिकेअरच्या साइटवर प्रत्येक औषध डोससकट आणि आमची फार्मसी टाकायला लावली. सगळ्यात कमी प्रीमियमचा प्लॅन बाबांना वर्षाकाठी सगळ्यात महाग पडत होता, कारण त्यातही इनहेलर नव्हता. म्हणून प्रीमियम बघू नका, वर्षाचा एकूण खर्च बघा. एलिक्विस आणि जार्डियन्सची चिंता नव्हती, ती दोन्ही सरकारने भाव ठरवलेल्या पहिल्या १० औषधांत आहेत, २०२६ मध्ये सगळ्या प्लॅनना ठेवावीच लागतात.

नवीन प्लॅन ऑनलाइन घेतला की जुना आपोआप बंद होतो. पण तुमचे आईबाबा ॲडव्हांटेज प्लॅनवर (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असतील तर आधी विचारूनच करा, नुसता औषधांचा वेगळा प्लॅन घेतला तर बहुतेक वेळा ॲडव्हांटेजच सुटतो. बाबांचं ओरिजिनल, म्हणजे थेट सरकारचं, मेडिकेअर आहे म्हणून आमचं सोपं झालं.

जानेवारीत डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) असल्यामुळे सुरुवातीला पूर्ण किंमत भरावी लागते, २०२६ मध्ये नियमाने ते ६१५ डॉलरपर्यंत असू शकतं. एलिक्विसचा महिन्याचा सरकारी भाव २०२६ साठी २३१ डॉलर ठरलाय, २०२३ ला छापील किंमत ५२१ होती. तरी एकदम भार नको म्हणून आम्ही हप्त्यांची सोय घेतली, व्याज नाही, पण ती फार्मसीत मिळत नाही, प्लॅनलाच सांगावं लागतं. बाबा काउंटरवर पाकीट काढून उभे, आणि ती मुलगी म्हणाली आज काही द्यायचं नाही, बिल घरी येईल. बाबांनी तिला दोनदा विचारलं.

आमच्या शेजारच्या ताई पासष्टच्या आतल्या आहेत, डिसॅबिलिटीवर मेडिकेअर मिळालंय, त्यांनाही हेच सगळे नियम लागू आहेत. उत्पन्न कमी असेल तर एक्स्ट्रा हेल्प (औषधांच्या खर्चासाठी केंद्र सरकारची मदत) आणि आपल्या राज्याची औषधांची सवलत योजना पाड (PAAD), दोन्हीचा अर्ज करा. पाडमध्ये जेनेरिकला ५ आणि ब्रँडला ७ डॉलर पडतात. शिपच्या बाई तो फॉर्मही भरून देतात, फक्त नोव्हेंबरच्या शेवटी जाऊ नका, तेव्हा अपॉइंटमेंट मिळत नाही.