तवांगचा मठ आणि सासूबाईंचं मतदार कार्ड

आसामातून अरुणाचलात शिरताना लागणाऱ्या भालुकपाँगच्या चेकनाक्याजवळच्या चहाच्या टपरीत एक लाल स्टूल आहे. त्यावर मी साडेचार तास काढले. आता कुणी तवांगचं नाव काढलं की मला मठाआधी तो स्टूल आठवतो.

अरुणाचलात शिरायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. मूळ कायदा इंग्रजांचा, १८७३चा. आता अर्ज ऑनलाइन होतो. पण आमचा गाडीवाला टूर एजंट म्हणाला, "ताई, परमिटचं टेन्शन माझ्यावर सोडा." सोडलं. चौघांची आधार कार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सासूबाईंचं आधार पुसट आलं म्हणाला, तेव्हा हाताला लागलेलं त्यांचं मतदार कार्ड पाठवलं आणि विषय डोक्यातून गेला. परमिटं आली ती निघायच्या आदल्या रात्री. मी चार पानं मोजली. वाचली नाहीत.

नाक्यावर तिघांचं दोन मिनिटांत झालं. चौथ्या पानावर शिपाई थांबला. मतदार कार्डावर सासूबाईंचं लग्नात ठेवलेलं नाव, तर आधारवर शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं. परमिट निघालं होतं मतदार कार्डावर, आणि ते कार्ड नाशिकला गोदरेजच्या कपाटात.

"ये कौन हैं?"
"मेरी सास."
"और परमिट में ये कौन हैं?"
"वो भी मेरी सास."

त्याला हसू आलं, पण फाटक काही उघडलं नाही. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मी त्याला मोडक्या हिंदीत समजावत होते. बाजूला सासूबाई म्हणाल्या, "अगं, तांदळात अंगठीने लिहिलं होतं ना, त्याचा फोटो आहे घरी." शेजारच्या काकूंनी कपाट उघडून मतदार कार्डाचा फोटो पाठवला. फोटो चालणार नाही, मूळ कार्ड हवं. आणि खरं सांगायचं तर तो शिपाई बरोबर होता. तेव्हा मात्र मला तसं अजिबात वाटत नव्हतं.

एजंट दर अर्ध्या तासाने "दहा मिनिटांत करतो, ताई" म्हणत होता. दोन तासांनी मी त्याचा नाद सोडला. आधारवरचं नाव बघून, अक्षर न् अक्षर जुळवून अर्ज स्वतः भरला. नेटवर्क मध्येच जायचं, फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. नवरा कामेंग नदीचे फोटो काढत होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही. परमिट आलं तेव्हा तीन वाजून गेले होते. नोव्हेंबरात तिकडे पाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे तवांगच्या वाटेवरच्या दिरांगपर्यंतचा घाट काळोखात चढलो. ज्या रस्त्यासाठी लोक जातात, तो आम्हाला गाडीच्या दिव्यांच्या उजेडात दिसला तेवढाच.

तर, अर्ज स्वतः भरा. ज्या ओळखपत्रावर भराल तेच मूळ कार्ड जवळ ठेवा. दिरांगला एक रात्र राहाच, तिथून तवांग म्हणजे साधारण पाच हजार फुटांवरून थेट दहा हजारांवर. आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की सेला खिंडीवरूनच जायचं. २०२४ला बोगदा सुरू झाल्यापासून गाड्या त्यातूनच सुटतात, मग वरचं तळं राहून जातं. आमचं जाताना राहिलं, येताना हट्टाने पाहिलं.

मठ १६८०-८१ सालचा, मेराग लामा लोद्रे ग्यात्सो यांनी बांधलेला. त्यांच्या हरवलेल्या घोड्याने ही जागा निवडली अशी कथा आहे. 'ता' म्हणजे घोडा, 'वांग' म्हणजे निवडलेला. गड चढलेल्या माणसाला घोड्याची नजर लगेच कळते. डोंगराची सोंड, खाली दरी, भोवती तट, आणि 'काकालिंग' नावाच्या दरवाज्यातून आत. दरवाज्याच्या छतावर मंडलं रंगवलेली आहेत, मान वर करायला विसरू नका. आत भिक्खूंच्या घरांच्या गल्ल्या, अख्खं गावच. मुख्य सभागृहात सोनेरी बुद्धमूर्तीसमोर सासूबाई इतका वेळ बसल्या की एक छोटा लामा त्यांच्यासाठी लोणी-मिठाचा चहा घेऊन आला. त्यांनी तो संपवला. मला दोन घोटांपुढे जमला नाही.

सहावे दलाई लामा १६८३ साली जिथे जन्मले ते उर्गेलिंग तवांगपासून जवळच आहे. लहानसं, शांत. मठानंतर तिथेही जा.

चीनच्या सीमेवरच्या बुमला खिंडीसाठी तवांगमध्ये वेगळा परवाना काढावा लागतो. तिथल्या माणसाने ओळखपत्राची प्रत मागितली. मी पर्स उघडायच्या आत सासूबाईंनी पिशवीतून आधारच्या सहा झेरॉक्स काढून टेबलावर ठेवल्या. दिरांगला, मी झोपले असताना, त्या स्वतः जाऊन काढून आल्या होत्या.