एआयचा कोड आणि शेतकऱ्याची पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानासाठी मोबाइलवर पट्टी (शेतकऱ्याच्या माल-विक्रीचा हिशेब) दाखवणारं पान एआय झटक्यात लिहून देतो. चालतंही. पण लॉगिन करून लिंकमधला पट्टी क्रमांक १०४१ चा १०४२ करून बघा. दुसऱ्याच शेतकऱ्याचं वजन, भाव, बँक खातं समोर आलं, तर कोडमध्ये लॉगिन तपासलंय, मालकी नाही. 'पट्टी दाखव' एवढंच सांगितलं, की बऱ्याचदा तेवढंच लिहून मिळतं. ओडब्ल्यूएएसपी या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार, ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, पहिल्या नंबरवर आहे.

दुरुस्ती क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसमधून पट्टी मागवणाऱ्या ओळीतच करा: पट्टी क्रमांकासोबत शेतकऱ्याचा आयडीही जुळला पाहिजे, आणि तो आयडी सर्व्हरवरच्या सेशनमधून (लॉगिनच्या नोंदीतून) घ्यायचा. ब्राउझरकडून आलेल्यावर भरवसा नको. जुळलं नाही तर ४०४ ('सापडलं नाही') द्या. ४०३ ('परवानगी नाही') दिला तर तो क्रमांक खरा आहे हे समोरच्याला कळतं. नुसता यूयूआयडी (अंदाज न लागणारा लांबलचक क्रमांक) लावून भागत नाही, लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतातच.

टेस्ट दोन खात्यांनी करा. एकाच खात्यावर सगळं हिरवंच दिसणार. पीडीएफ डाउनलोडची लिंकही तपासा, ती हमखास राहते. एआय वापरा की, पण हा शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब आहे. न वाचता लाइव्ह करू नका.