कासुंबालेसाची रांग

आमच्या कंपनीचा एक पंप झांबियात, दुसरा कांगोत. त्यामुळे मुंबई–आदिस अबाबा–एन्डोला असं विमान, आणि पुढे झांबियातलीच किटवे, चिंगोला ही शहरं करत गाडीने कांगोतलं लुबुंबाशी. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघालो, पोचलो ते अंधार पडल्यावर.

चिलिलाबोम्ब्वे मागे पडलं की ट्रकांची रांग लागते आणि कासुंबालेसाच्या सीमेपर्यंत संपत नाही. एप्रिल २०२२ मध्ये या दोन देशांनी बॅटरी आणि इलेक्ट्रिक गाड्यांची साखळी मिळून उभारायचा करार केला. बॅटरीला लागणारं कोबाल्ट जगात सत्तर टक्क्यांहून जास्त एकट्या कांगोतून निघतं, तांब्याचा पट्टा दोघांचा सामाईक. कारखान्याचं होईल तेव्हा होईल. मला सहकार्य दिसलं ते ॲसिडच्या टँकरमध्ये. झांबियाच्या भट्ट्यांत तांबं गाळताना जो वायू निघतो, त्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं. कांगोच्या खाणीत खनिज विरघळवायला नेमकं तेच लागतं. टँकर उत्तरेला जातात आणि पट्ट्यांनी आवळलेले तांब्याचे पत्रे दक्षिणेला येतात. अर्थात, दोघेही त्याच फाटकाशी ताटकळतात.

आमच्या पुढचा टांझानियन ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर मक्याचं पीठ घोटत होता. आपल्या उकडीहून बरंच घट्ट. तो म्हणाला उगाली, आमचा झांबियन ड्रायव्हर म्हणाला न्शिमा, आणि लुबुंबाशीत त्यालाच बुकारी म्हणतात. मी दोन घास खाल्ले, मीठ कमी वाटलं.

जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि पिवळं कार्ड खिशात ठेवावं. परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. डॉलर कोरे करकरीत न्या. माझी शंभराची नोट कडेला नखभर फाटलेली होती, हॉटेलवाल्याने ती बोटानेच परत सरकवली. सीमेवर आणि खाणीजवळ मोबाईल बाहेर काढू नका, फोटो तर नकोच. फ्रेंच येत नसेल तर कागदांच्या फ्रेंच प्रती करून घ्या, आणि सीमा ओलांडायला पहाटेच पोचा.

एक राहिलं. झांबियात गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, कांगोत उजवीकडून. फाटकापलीकडे रस्ता ओलांडताना मी सवयीने उजवीकडे पाहिलं. ड्रायव्हरने दंडाला धरून मागे खेचलं, म्हणून हे लिहितोय.